रवंथमुक्त गोठा

वेळ ही समाजाची सर्वांत मोठी संपत्ती असून तिची सर्वांत मोठी नासाडी गोठ्यात होते. एक धडधाकट गाय दिवसाचे आठ तास रवंथ करते. म्हणजे एकदा खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळत बसते. सकाळी निकालात काढलेली फाईल दुपारी पुन्हा उघडणारा कारकून आपण एक दिवस तरी ठेवून घेऊ का? (हे उदाहरण मंडळाच्या अध्यक्षांचं आहे. ते ऐकताना आमच्या कार्यालयातला एक कारकून रडवेला झाला होता.)

हा प्रकार कायमचा थांबवण्यासाठी पशुआहार सुधार मंडळानं नऊ जणांची समिती नेमली. त्यांतल्या चौघांनी गाय पाहिली होती, दोघांनी तर जवळून. समितीनं सखोल अभ्यास करून असं शोधून काढलं की गाय रवंथ करते ती गवतामुळे. गवत लांब, चिवट आणि मुळातच कटकटीचं. याउलट मक्याचा बारीक भरडा पुढ्यात टाकला की गाय तो गपागप गिळते आणि मोकळी होते. तेव्हा ठराव झाला: गवत बंद, मका सुरू. प्रत्येक गायीला रोज दहा किलो, दोन वेळांत विभागून. शिवाय गोठ्याच्या दारावर पाटी, 'येथे चघळण्यास सक्त मनाई आहे.' (पाटी गायीच्या नजरेच्या उंचीवर लावावी.) तरीही चघळताना सापडलेली गाय मालकाकडून काढून मंडळाच्या सुधारगोठ्यात न्यावी.

मी या योजनेतला जबडामोजणीस. स्टूल, घड्याळ आणि वही घेऊन गोठ्यात बसायचं आणि गायीचा जबडा किती वेळा हलतो ते टिपायचं, हे माझं काम. काम सन्मानाचं आहे. बायको मात्र जेवताना म्हणते, "घरात तरी माझ्या तोंडाकडे बघत बसू नका." पण एकदा लागलेली सवय सुटत नाही.

योजनेला दृष्ट लागावी असं यश आलं. पहिल्याच महिन्यात रवंथ आठ तासांवरून चाळीस मिनिटांवर उतरला. आमच्या विभागातल्या दोनशे बारा गायींनी मिळून रोज दीड हजार तास वाचवले. या वाचलेल्या वेळात गायींनी काय केलं, असं एका वार्ताहरानं खोचकपणे विचारलं. त्या उभ्या राहिल्या. काही आडव्या झाल्या. वेळ कसा घालवावा हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, असं मंडळाचं मत आहे.

काही मालकांनी उगीच ओरड केली. गायींची पोटं डावीकडे फुगतात, अशी एक तक्रार होती; अहवालात तिची नोंद 'डाव्या बाजूस भरीव प्रगती' अशी आहे. शेण पातळ झालं म्हणावं, तर उचलायचे कष्ट वाचले. काही गायी करकरा दात खाऊ लागल्या. ते आधी चुकून रवंथात मोजलं गेलं, पण नंतर खुलासा आला की दात खाणं हा राग आहे आणि राग योजनेच्या कक्षेत येत नाही. एकोणीस गायी योजनेतून कायमच्या बाहेर पडल्या. त्यांचा रवंथ पूर्ण शून्यावर आल्यामुळे यशस्वी गायींच्या यादीत सध्या त्याच सर्वांत वर आहेत.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना मावशीचं प्रकरण उपटलं. मावशी माझी कुणी नव्हे. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणते. तिच्या गोठ्यात एकच गाय, तांबडी. मावशीचा नवरा गेला त्या आठवड्यात ही जन्मली आणि मावशीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मका सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तांबडी जी बसली ती उठेना. गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्या छापील तक्त्यात आजाराची चार कारणं होती: हवा, पाणी, वय आणि मालकाचा स्वभाव. डॉक्टरांनी 'मालकाचा स्वभाव' यावर खूण केली आणि मग मावशीच्या कानाशी लागले. "मका बंद करा. खायचा सोडा पाजा, वाळलं गवत घाला. आणि मी बोललो म्हणून कुणाला सांगू नका." (मावशीनं मला ते पहिल्याच भेटीत सांगितलं.)

मी तपासणीला गेलो तेव्हा तांबडी परसात उन्हात उभी होती. डोळे अर्धे मिटलेले, जबडा संथ चाललेला.

"मावशी, ही रवंथ करतेय."

"छे हो! जांभई देतेय."

"पाऊण तास?"

"वय झालं तिचं. चटकन उरकत नाही."

मी घड्याळ काढलं तशी मावशीचा चेहरा उतरला. "लिहा काय लिहायचं ते," ती म्हणाली. "आठ दिवसांमागे ही मान टाकून पडली होती. आता तुम्ही तिला तुमच्या त्या सुधारगोठ्यात नेणार नि पुन्हा मका चारणार. चार दिवस काढायची नाही ती. हे लिहायला आहे का जागा तुमच्या वहीत?"

जागा नव्हती. मी दोनदा पानं उलटून पाहिली.

मला वाईट वाटलं. अगदी खरं सांगतो, मावशीनं पुढं केलेलं पाणी मी तसंच परत ठेवलं. सुदैवानं कर्मचाऱ्याला वाईट वाटल्यास काय करावं, याचं परिपत्रक आहे. नोंद खरी करावी आणि प्रकरण सुज्ञ जनतेपुढे ठेवावं. वाचणाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडून 'हे चूक आहे' असं म्हटलं, तरी गाय मालकाकडेच राहते. मनातल्या मनात म्हटलेलं धरत नाहीत. त्यानुसार मी मिनिटाला त्रेपन्न वेळा हललेला जबडा वहीत प्रामाणिकपणे नोंदवला आणि मावशीला धीर दिला.

"घाबरू नका. लोक चांगले असतात."

"असतील हो," मावशी तांबडीच्या गळ्याला खाजवत म्हणाली. "पण बोलतात का?"

जनतेपुढे ठेवलेलं ते प्रकरण म्हणजे हेच निवेदन. कुठं अडकू नये म्हणून बारीक दळून दिलं आहे आणि आपण ते एका दमात संपवत आणलंत, याबद्दल मंडळ आभारी आहे. मी पहिल्या ओळीपासून आपल्या तोंडाकडे बघतो आहे. मध्ये दोनदा हसल्यासारखं वाटलं. पण हसण्याची नोंद करमणुकीत होते, हरकतीत नाही. वाचनाचा वेळ, सुमारे चार मिनिटं. जबड्याची हालचाल, नाही. हरकत, नाही. तांबडीला आणायला गाडी निघाली आहे.