किसनमामांचं लाइव्ह

गाणं ऐन रंगात आलेलं असतं, गायिका वरचा सूर लावत असते, आणि मधल्या रांगेतून खणखणीत आवाज येतो, "हात आत घ्या!"

नवखी माणसं दचकतात. काही जण तर खरोखरच हात मागे घेतात, कारण एसटीनं प्रवास केलेलं अंग हे वाक्य विसरत नाही. बीडमधल्या जुन्या श्रोत्यांना मात्र कळतं, किसनमामा आलेत.

किसनमामा माझे शेजारी. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. पूर्वी खिडकीबाहेर हात काढणाऱ्यांवर ओरडायचे, आता मोबाइल धरून हात वर करणाऱ्यांवर ओरडतात. राग त्यांना बऱ्याच गोष्टींचा येतो, पण हा रोज नव्यानं येतो.

"सर, मला एक सांगा," ते सकाळीच मला गाठतात. मी हायस्कूलमध्ये शिकवतो, त्यामुळे जगात चाललेल्या सगळ्या वेडेपणाचा जाब मी द्यायचा, असं त्यांचं मत आहे. "समोर जित्तं माणूस गातंय. मंग ते इतकुश्या काचंत कावून बगायचं?"

"आठवण म्हणून ठेवतात, मामा."

"कुणाची आठवण? ज्याच्याकडं बगितलंच न्हाई त्याची?"

यावर मी शाळेला उशीर होतोय असं सांगून सटकतो.

गेल्या पावसाळ्यात बिंदुसरा धरण भरलं आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. अर्धं बीड धरणाजवळच्या पाली गावाला लोटलं. मीही मामांना गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो. पाणी काय सुंदर कोसळत होतं! आणि काठावरची सगळी माणसं पाण्याकडे पाठ करून उभी. प्रत्येकाचा हात पुढे, हातात मोबाइल, तोंडावर तेच हसू.

"ही मानसं पाणी बगायला आलीत का पाण्याला पाठ दावायला?" मामा तापले.

तेवढ्यात डोक्यावर घोंघावत ड्रोन आला. लग्न ठरलेल्या एका जोडप्याचं शूटिंग चाललं होतं. मामांनी मान वर केली आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं ते गरजले, "खाली उतर बे! टपावर बसायला बंदी हाय!"

आता योगायोग म्हणा किंवा चालवणारा घाबरला म्हणा, ड्रोन मुकाट खाली उतरला. पुढे आठवडाभर मामा गल्लीत सांगत होते, "सबंध नोकरीत एक पॅसेंजर इतक्या लवकर माझं ऐकला न्हाई."

पूर्वी मामा एकटे कुठेच जात नसत. भीमगीतांचा कार्यक्रम असो, शाहिरी असो की कव्वालीचा सामना, शेजारी कौसल्यामामी असायच्याच. तीन वर्षांपूर्वी मामींना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि त्या खाटेला खिळल्या. लेक पुण्यात असते. मामा स्वयंपाक करतात, मामींची वेणी घालतात, आणि मामीच त्यांना बळेबळे कार्यक्रमाला पिटाळतात. "एकानं तरी जावा," म्हणतात.

या एप्रिलमध्ये एका मंगल कार्यालयात भीमगीतांचा कार्यक्रम होता. दुपारी चारची वेळ, ऊन असं की डांबर मऊ झालेलं. प्रवेश फुकट, पण मोबाइलवर नाव नोंदवायचं होतं. दारात एक मुलगी उभी होती.

"काका, क्यूआर दाखवा."

"कावून?"

"आत सोडायला."

"पोरी, मी तीस वर्षं लोकांला आत सोडलंय. तोंड बगून सांगायचो कोण कुठं उतरनार. तू माझ्या तोंडाकडं बग की!"

मी घाईघाईनं माझ्या मोबाइलवरचे दोन्ही चौकोन तिला दाखवले. आत गेल्यावर मामा लवकर खुर्चीत बसेनात.

"म्हंजी मी तुमच्या खिशात बसून आत आलो म्हना की."

गायिका तरुण होती, आवाज मोकळा होता. पहिल्याच गाण्याला आमच्या पुढची सगळी रांग हात वर करून बसली. मामांच्या बरोबर पुढच्या गृहस्थाकडे तर पाटीएवढा टॅब होता.

"हात आत घ्या!"

"काका, गप बसा ना," गृहस्थ वळून म्हणाले.

"बसलोयच की! बसून दिसंना म्हनून तर बोंबलतोय!"

गाणं थांबलं. गायिकेनं माईकवरून विचारलं, "बाबा, काय झालं?"

"बाई, तू म्हन. ही मंडळी तुला घरी जाऊन ऐकनार हायती. मी आत्ता ऐकायला आलोय."

लोक हसले, पण ती हसली नाही. तिनं हात जोडून सगळ्यांना एक गाणं मोबाइल खाली ठेवायची विनंती केली. हात खाली आले. अर्ध्या गाण्यापर्यंत टिकले, मग एकेक करून पुन्हा वर गेले. मामांनी सुस्कारा सोडला आणि मोर्चा वळवला तो आयोजकांनी ट्रायपॉडवर उभ्या केलेल्या कॅमेऱ्याकडे.

"हे कशाला मधी उभं केलंय?"

"काका, लाइव्ह आहे ते," कार्यकर्ता म्हणाला.

"अन् मी काय मेलेला हाय?"

त्यानंतर मात्र मामा गाण्यात बुडाले. डोळे मिटले, बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. ती संधी साधून मी मोबाइल छातीशी धरला आणि चोरून दोन गाणी टिपली. मामींना दाखवावीत, एवढंच मनात होतं. कार्यक्रम संपेपर्यंत आणि नंतर गाडी काढेपर्यंत मी मामांच्या शेजारीच होतो. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. दोन-तीन ओळखीचे चेहरे दिसले, तेही मोबाइलमध्ये मान घालून निघून गेले. मलाच राग आला. माणूस खाटेवर पडला की त्याची चौकशीसुद्धा करू नये?

घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मामा चहा ठेवायला आत गेले. मी हळूच मोबाइल काढला.

"र्‍हाऊ द्या सर," मामी कुजबुजल्या. "समदं बगितलंय म्या. लेकीनं पुन्याहून ते लाइव्ह का काय धाडलतं फोनात. ह्यांचं वरडनं बी ऐकलं." त्या अर्ध्या ओठांनी हसल्या. "ह्यांला सांगू नगा."

मामा कपबश्या घेऊन आले आणि खाटेच्या कडेला टेकले. मामींना बशीनं चहा पाजत सांगू लागले.

"कौसल्या, लई मानसं आलती. अन् जो तो तुझंच इचारीत व्हता. उमापूरची तुझी शांता भेटली. माझा हात धरून रडायलाच लागली. म्हनली, कौसल्याबिगर गान्यात मन लागंना."

शांता म्हणजे मामींची मावसबहीण. दोघी लहानपणी एकत्र गायच्या. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"काय म्हनता!" मामी म्हणाल्या. "अन् गानं कसं झालं?"

जे सगळं बघून झालं होतं, ते मामींनी शेवटपर्यंत ऐकलं. मामा बश्या विसळायला आत गेले, तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सर, त्या लाइव्हात निस्ती बाईच दिसत व्हती. मानसं न्हाई दिसली. शांता खरंच आलती का ओ?"

"आल्या होत्या," मी म्हणालो. "रडत होत्या. मी शेजारीच होतो."

मामींनी डोळे मिटले. चेहरा शांत झाला.

मी निघालो. मामा फाटकापर्यंत आले. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज इतका खाली आणला की मला तो त्यांचा वाटेना.

"सर, तुमच्या त्या मोबाइलमधी मानसं हुडकता येत्यात म्हनं."

"येतात. कुणाला शोधायचंय?"

"शांताला. तीन वर्सं झाली, एकदा बी फिरकली न्हाई. मला तिला इचारायचंय, कावून आली न्हाई म्हनून." मग त्यांनीच मान हलवली. "न्हाई, इचारत न्हाई. निस्तं म्हनतो, ये एकदा."

मी मोबाइल उघडला. मामा माझ्या खांद्याला खांदा लावून त्या इतकुश्या काचेत बघत उभे राहिले.