रजेपुरता हृदयविकार

रंगनाथला हृदयविकार जडला तो एकाहत्तर सालच्या चैत्रात, एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, कचेरीत बसल्या जागी. त्याआधी त्याची प्रकृती ठणठणीत होती आणि त्यानंतरही ठणठणीतच राहिली. फरक पडला तो फक्त कागदोपत्री. पण रंगनाथ सरकारी कारकून होता, आणि जे कागदावर आलं ते झालं, असं मानण्यात त्याची चौदा वर्षं गेली होती.

त्या साली गोदावरीकाठच्या गावांतून पटकीची साथ होती. तालुक्याच्या गावी यष्टी स्टँडवर टेबल मांडलं होतं. टेबलाच्या एका अंगाला कंपाउंडर लोकांना सुई टोचायचा आणि दुसऱ्या अंगाला रंगनाथ त्यांना दाखला लिहून द्यायचा. दाखला नसेल तर यष्टीत चढू देत नसत. महिन्याभरात रंगनाथने चार हजारांवर दाखले लिहिले. कुरकुर करणाऱ्यांना तो चष्म्यावरून बघत म्हणायचा, "अहो, सरकार तुमच्याच भल्यासाठी टोचतंय." हे म्हणताना त्याची खुर्ची कंपाउंडरकडे पाठ करून असे. (तशी ती त्याने पहिल्याच दिवशी, उजेडाचं कारण सांगून, फिरवून घेतली होती.)

खरं कारण असं, की रंगनाथ सुईला भीत होता. साधंसुधं नव्हे. ती स्पिरिटच्या शेगडीवर उकळणारी, दाभणाएवढी सुई नुसती खळखळली तरी त्याच्या तळव्यांना घाम फुटे. कचेरीतल्या लोकांना टोचलं, त्या दिवशी तो शाई आणायला गेला आणि शाई घेऊन संध्याकाळी आला. घरी बायकोने विचारलं तेव्हा त्याने, "आमचं काय, आम्हाला पहिल्याच दिवशी," एवढं अर्धं वाक्य बोलून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बायकोने स्वतः मात्र दारात आलेल्या माणसाकडून टोचून घेतलं आणि त्याच हाताने सात भाकरी थापल्या.

तिचं नाव गोजर. माहेर पुणतांब्याचं. तिथली जत्रा चैत्रात असते आणि तीन वर्षं झाली, रंगनाथ तिला जत्रेला नेणार होता. रजेचा बेत तो वहीत आखायचा; कुठल्या दिवशी कुठली गाडी, कुठल्या दिवशी शिंगणापूर, कुठल्या दिवशी नुसता आराम. एका वर्षी ऐनवेळी तपासणी आली. दुसऱ्या वर्षी साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं आणि मंडपाचं काम रंगनाथच्या गळ्यात पडलं. तिसऱ्या वर्षी काय झालं ते आता दोघांनाही आठवत नव्हतं, पण गेले नव्हते हे गोजरला नक्की आठवत होतं.

"अवंदा मच्छिंद्रची शेवटची कुस्ती हाय," ती म्हणाली. "माजा सख्खा भाऊ. तुमी आला तर तुमच्यासंगं, न्हाईतर मी एकली जाते. आन गेले का तिकडंच ऱ्हाते."

शेवटची कुस्ती म्हणजे हगाम्यातली, जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडातली, सगळ्यात मोठी. गावाने मच्छिंद्रला नेमलं होतं वैजापूरकडच्या एका आडदांड पैलवानाशी, आणि चांदीचं कडं लावलं होतं. साथीमुळे कलेक्टरसाहेबांनी जत्रेतला तमाशा बंद केला होता, नदीत आंघोळ बंद, उसाचा रस बंद, बर्फाचा गोळा बंद, पालखीला पाच माणसं. हगामा तेवढा वाचला होता, कारण कुस्त्या उघड्यावर होतात आणि पैलवान बर्फ खात नाहीत असं गावकऱ्यांनी अर्जात पटवून दिलं होतं. मात्र बघणाऱ्या प्रत्येकाजवळ दाखला पाहिजे.

रंगनाथची रजा मंजूर झाली. गाडी ठरली. राहिला दाखला.

न टोचता टोचलं असं लिहिणं रंगनाथच्या मनाला पटेना. ती सरकारची फसवणूक झाली असती. पण गठ्ठ्याच्या तळाशी दुसऱ्या रंगाचे थोडे दाखले होते. ज्यांना टोचणं धोक्याचं, त्यांना सूट देण्याचे. डॉक्टरसाहेबांच्या सह्या त्यांवर आधीच झालेल्या होत्या. त्यात तीन कारणं छापलेली: वय एक वर्षाच्या आत, गरोदरपण, हृदयविकार. पहिली दोन रंगनाथने विचार करून सोडली. तिसऱ्यात मात्र त्याला तथ्य दिसलं. सुई पाहिली की त्याच्या छातीत धडधडत असे. हे शंभर टक्के खरं होतं. त्याने तिसऱ्या कारणापुढे खूण केली, स्वतःचं नाव घातलं, शाई टिपली आणि चहा मागवला.

दाखल्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय हे त्याने चौदा वर्षांत कुठल्याच दाखल्याचं वाचलं नव्हतं. याचंही वाचलं नाही.

गुरुवारी दुपारी दोघं पुणतांब्याच्या स्टेशनवर उतरली. फाटकाशी टेबल होतं आणि त्यामागे एलिझाबेथ सिस्टर. पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा आणि मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं रोग्यांना दटावून कमावलेला आवाज. गोजरचा दाखला त्यांनी बघून परत दिला. रंगनाथचा त्यांनी दोनदा वाचला.

"हृदयविकार?" त्या म्हणाल्या. फलाटावरची माणसं थांबली.

"कुनाला?" गोजरने विचारलं.

"यांनाच. कधीपासून आहे, बाई?"

गोजरने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने सिस्टरकडे पाहून, गोजरला दिसणार नाही अशा बेताने, डावा डोळा मिचकावला. मनात हे, की बाई समजदार असेल तर पुढचं बोलणार नाही. सिस्टर झटकन उठल्या.

"चेहरा ओढला जातोय! डावी बाजू! खाली बसवा त्यांना!"

"अहो, मी..."

"बोलू नका. बोलायचं नाही अजिबात." सिस्टरनी दाखला उलटा केला आणि मागची बाजू खणखणीत वाचली. "सूट मिळालेल्या रोग्याने चालण्याचे श्रम करू नयेत. मसालेदार जेवण, मांसाहार वर्ज्य. गर्दीत व मन उत्तेजित होईल अशा ठिकाणी जाऊ नये."

खरं सांगावं असं रंगनाथच्या ओठांवर आलं होतं. पण टेबलाशेजारीच आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर दाखले मोजत उभे होते, आणि खोट्या दाखल्याला काय शिक्षा असते हे त्या स्टेशनावर रंगनाथइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो मुकाट्याने बसला. जावईबापू सासुरवाडीच्या गावात शिरले ते पोती वाहायच्या हातगाडीवर, आडवे, वरून गोजरने पदराची सावली धरलेली. वेशीतली माणसं उठून उभी राहिली. एकाने टोपी काढली.

सासूबाई आक्काबाईंनी जावयासाठी बोकडाचं मटण सांगितलं होतं. ते शिजलं. घरभर त्याचा वास सुटला. रंगनाथपुढे भाताची पेज आली, बिनमिठाची.

"जावईबापू, मनाला लावून घिऊ नका," आक्काबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मटान काय, बरं वाटल्यावर खाचाल."

"मामी, मला खरंच काही झालेलं नाही."

"आसंच बोलायचं. धीर धरायचा," असं म्हणून त्या रडतच पंगत वाढायला गेल्या.

शुक्रवारी गाव भेटायला आलं. जो येई तो उशाशी बसून आपल्या नात्यातल्या एखाद्या छातीच्या दुखण्याची हकिगत सांगे, आणि त्या सगळ्या हकिगती एकाच तऱ्हेने संपत. गोजर पायथ्याशी बसून पाय चेपत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिला इतकं मऊ बोलताना रंगनाथने ऐकलं नव्हतं.

"अवो, एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"नाही रागवत."

"तुमचा तो लोकरीचा कोट कसरीनं खाल्ला न्हवता. मी भांडीवालीला दिला. दोन पातेली आन एक झारा आला."

तो कोट रंगनाथच्या लग्नातला होता. त्याच्या छातीत खरोखरीच काहीतरी हाललं. पण रोग्याला राग वर्ज्य असतो. तो म्हणाला, "बरं झालं," आणि भिंतीकडे तोंड केलं. मग त्याला आतून फार वाईट वाटू लागलं. कोटाचं नव्हे, गोजरचं. आपल्या दुखण्यापायी तिने शिंगणापूरला अकरा शनिवार तेल वाहायचं बोलून ठेवलंय, हे आक्काबाईंकडून त्याला कळलं तेव्हा तर त्याला पेजही गिळवेना.

शनिवारी सकाळी जत्रेचे पंच भिमाजीअण्णा आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मच्छिंद्र लंगोट लावायला तयार न्हाई," ते म्हणाले. "म्हनतो, दाजी हातरुनाला खिळल्यात आन मी कुस्ती कशी धरू? वैजापूरचा गडी येऊन बसलाय. कुस्ती झाली न्हाई तर कडं त्याला फुकाट जातंय, आन गावाचा आब जातो."

"त्याला सांगा, मी ठणठणीत आहे."

"आमचा श्रीमंतमामा हेच म्हनला हुता," भिमाजीअण्णा सुस्कारा टाकून म्हणाले. "सांजच्याला गेला."

तेवढ्यात मच्छिंद्रच आला. सहा फुटी गडी, मान खांद्यात रुतलेली, आणि लहान मुलासारखा रडत होता. त्याने रंगनाथच्या पायांवर डोकं ठेवलं. खाट करकरली.

"दाजी, वरीसभर दूध-बदाम खाल्लं. पर आता जीवच लागना. न्हाई लढत."

रंगनाथने त्याच्याकडे बघितलं. वर्षभर पहाटे उठून जोर मारलेला हा माणूस आपल्या एका खुणेपायी घरी बसणार, हे काही त्याला सोसेना. त्याने भिमाजीअण्णांना आणि मच्छिंद्रला ओसरीवर थांबायला सांगितलं, गोजरला दार लोटायला लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खुर्ची, शाई, दाखला, सगळं.

गोजर खाटेजवळ येऊन उभी राहिली.

"म्हंजे छातीला काय न्हाई?"

"नाही."

"सुईला भ्याला?"

"थोडासा."

"आन मी दोन दिस रडतीय."

"हो."

तिने पदराने तोंड पुसलं. दार उघडलं आणि ओसरीवर जाऊन म्हणाली, "मच्छिंद्र, ऊठ. लंगोट लाव. दाजी सवता येत्यात तुजी कुस्ती बगायला." मग आत येऊन तिने नवऱ्याचं मनगट धरलं. त्या पकडीवरून, दोघा भावंडांत खरा पैलवान कोण, अशी शंका रंगनाथला आली.

हगाम्याच्या मैदानाला बांबू आणि दोर बांधला होता. दाराशी एलिझाबेथ सिस्टर. ज्याच्याजवळ दाखला नाही त्याला तिथेच टोचून आत सोडत होत्या. हगाम्याला बायका जात नसत, पण गोजरचं तोंड बघून माणसांनी वाट दिली. तिने सिस्टरना चार शब्दांत काय ते सांगितलं. सिस्टरनी रंगनाथचा दाखला मागून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले.

"हा कागद मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "बाही वर करा."

आत हलगी कडाडत होती. मच्छिंद्र आणि वैजापूरचा पैलवान आखाड्यात उतरले होते. मच्छिंद्रची नजर दाराकडे होती. दाजी आपल्या पायांवर उभे आहेत हे पाहून त्याने दोन्ही हात वर केले. लाऊडस्पीकरवाला ओरडला, "पाव्हन्यांची तब्येत बरी हाय! मंडळी, टाळी!" दोन हजार माणसांनी दाराकडे वळून टाळी दिली. रंगनाथने छाती पुढे काढली आणि हात लांब केला. पंचाने सलामी लावून दिली. कुस्ती सुरू झाली.

तेवढ्यात सिस्टरनी सुई उजेडात धरून थेंब उडवला.

रंगनाथला एवढंच आठवतं की तो थेंब फार सावकाश खाली आला.

पुढचं सगळ्या गावाला आठवतं. दारात दाजी कोसळले हे मच्छिंद्रने वैजापूरवाल्याच्या काखेतून पाहिलं. ही कुस्ती अर्धा तास चालेल असा जाणत्यांचा अंदाज होता. मच्छिंद्रला आता अर्धा तास नव्हता. त्याने समोरच्याचा पट काढला, उचलला, पाठीवर आपटला आणि पंचाने हात वर करायच्या आत दोर ओलांडून दाराकडे धावला. लोक सांगतात की तसली निकाली कुस्ती पुणतांब्यात तीस वर्षांत झाली नव्हती. वैजापूरचा पैलवान आभाळाकडे बघत, आपण कशाने पडलो ते शेजारच्याला विचारत होता.

रंगनाथने डोळे उघडले तेव्हा वर फेटे उडत होते आणि गोजर वाकून बघत होती.

"झाली का कुस्ती?" त्याने विचारलं.

"झाली."

"आणि टोचून?"

"ते ऱ्हायलं," सिस्टर म्हणाल्या. "सुई लागायच्या आधीच पडलात तुम्ही." मच्छिंद्रने दाजींना प्रेमाने मिठीत धरलं, ती सुटेपर्यंत सिस्टरनी आपलं काम उरकलं.

त्या सुईने रंगनाथला ताप आला, दंड सुजून आला आणि उरलेली रजा त्याने त्याच खाटेवर, तीच पेज खात काढली. या वेळी मात्र भेटायला कुणी आलं नाही, पायही कुणी चेपले नाहीत.

पुढच्या वर्षी साथ ओसरली. दाखले नव्हते, टेबल नव्हतं, सिस्टर आपल्या दवाखान्यात होत्या. चैत्र लागताच जत्रेच्या पंचमंडळींचं कार्ड कचेरीच्या पत्त्यावर आलं. साहेबांनी ते आधी वाचलं आणि रजा न मागता मंजूर केली. कार्डात लिहिलं होतं: "यंदाही आपल्या मच्छिंद्रची शेवटची कुस्ती आहे. समोरचा पैलवान जड आहे. तरी जावईबापूंनी अगत्य येण्याचे करावे व कुस्ती लागताच दाराशी पडावे. सतरंजीची व्यवस्था केली आहे."