सेवाज्येष्ठतेने उघडणारा संगणक

ज्या वस्तूला कोणीही हात लावू शकतो तिची किंमत राहत नाही, हे शाळेच्या घंटेपासून मुख्याध्यापिकांच्या खुर्चीपर्यंत सर्वत्र सिद्ध झालेले आहे. (घंटेला कोणीही हात लावत असे, म्हणून शाळा कधीकधी शेवटच्या तासाआधीच सुटे.)

१९८८ साली रामदासपेठेतल्या एका शाळेत चार संगणक होते. चपला बाहेर काढायच्या, रिकाम्या यंत्रासमोर बसायचे, काम करायचे. इतका ढिसाळ कारभार टिकणे शक्यच नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत चारही यंत्रे वायरीने एका मोठ्या यंत्राला जोडली. आता आधी आपले नाव आणि गुप्त शब्द टाकायचा. मग तुम्ही कोण, ते यंत्र ठरवणार.

कोणाला काय करू द्यायचे, ही यादी दहावीतल्या ताराकडे आली. संगणकाचे रुपराव सर म्हणाले, "तुले समजते, तूच करून टाक." ताराला सगळेच समजत असे. (या मताला वर्गात एका मताचा पाठिंबा होता. तिच्याच.) तिने हजेरीपट मागवला आणि सेवाज्येष्ठता लावली. सर्वांत जुना तो सर्वांत विश्वासू, काढा चूक!

शिपाई शालिकराम, सेवा एकोणतीस वर्षे : पाहणे, लिहिणे, छापणे, यादी बदलणे.
रुपराव सर, अकरा वर्षे : पाहणे, लिहिणे.
मुख्याध्यापिका सिंधूताई, बदलून आल्याला पाच महिने : पाहणे.
विद्यार्थी, सेवा शून्य : पाहणे.

बाईंनी न वाचता सही केली. प्रार्थनेच्या वेळी ताराला गुलाबाचे फूल मिळाले. ते तिने दिवसभर वेणीत मिरवले.

शनिवारी विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. कडुलिंबाचा धूर आणि डास, सोळा पाने, तीन महिन्यांची मेहनत, यादी येण्याआधीच यंत्रात उतरवलेली. साडेतीनला ताराने नाव टाकले. अहवाल दिसला. छान दिसत होता. छापून मात्र निघेना. विद्यार्थी: पाहणे.

रुपराव सरांनाही छापता येत नव्हते. बाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले. (तेवढीच त्यांना परवानगी होती.)

तारा घंटेखाली बसलेल्या शालिकरामकडे धावली.

"काहून वं, रडून राहिली का?"

"काका, माझा अहवाल छापून द्या ना!"

"विद्यार्थ्यायले फक्त पाहणे. तूच त लिवलं."

"ते बाकीच्यांसाठी होतं!"

शालिकराम पोट धरून हसला. मग चपला काढून आत आला, यंत्रासमोर बसला आणि म्हणाला, "तोंड फिरव. गुप्त शब्द हाय माहा." ताराने तोंड फिरवले. एका बोटाने चार अक्षरे टाकायला त्याला सात मिनिटे लागली. चार चाळीसला सोळावे पान निघाले. ताराने सायकल अशी पिटाळली की वेणी सुटली. पण अहवाल वेळेत पोचला.

सोमवारी शालिकरामने आपल्या गुप्त शब्दाने यादी उघडून तिच्यापुढे ठेवली. "सुधार वं आता. साऱ्या पोरायचं सुधार."

ताराने गंभीरपणे विचार केला आणि सुधारली. शालिकरामच्या खाली एक नवीन नाव आले : कु. तारा, सर्व परवानग्या. उरलेले चारशे अकरा विद्यार्थी होते तिथेच राहिले. (पुन्हा ढिसाळपणा नको.)

तुम्ही असता तर यादी बदलली असती, की फक्त आपला क्रमांक? उत्तर या पानाच्या कडेला लिहा, असे सुचवायचे होते. पण यादी पाहिली. तुमच्या नावापुढे फक्त 'पाहणे' आहे.