बोटीची डावी बाजू

बोटीचं नाव बदलायचं काम येत्या हिवाळ्यावर ढकलावं, असं सिरिलने सकाळच्या चहाबरोबर ठरवून टाकलं. (यात नवीन काही नव्हतं, दुसरं लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तो हेच ठरवत आला होता.) बोटीचं नाव होतं 'डोरीन', दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत लिहिलेलं. डोरीन ही सिरिलची पहिली बायको, देवाघरी गेलेली. दुसरी ऑड्री, चांगली धडधाकट, आत्ता पुढच्या टोकाला बसून बटाटे सोलणारी.

कालव्यावरचे लोक माणसाला बोटीच्या नावाने ओळखतात. त्यामुळे जो तो ऑड्रीला हाक मारायचा, "काय डोरीनबाई, आज जेवायला काय?" ती हसून हात करायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

"बोट पाण्यात असताना नाव बदललं की अपशकुन होतो गं," सिरिल समजवायचा.

दुपारी पाऊस भुरभुरायला लागला. बोट काठाला लावताना सिरिल ओरडला, "डोरीन, दोर फेक!"

दोर आला, थेट तोंडावर. पाठोपाठ ऑड्री छत्री आणि पिशवी घेऊन काठावर उतरली.

"मी चालले बहिणीकडे. पुढच्या गावाहून गाडी आहे. बस तू तुझ्या डोरीनला घेऊन!"

"अगं, जीभ घसरली!"

"इतकी वर्षं घसरतेच आहे?"

डाव्या हाताच्या पायवाटेने ती निघालीसुद्धा. सिरिल बोट घेऊन तिच्या मागे सुटला. सुटला म्हणजे काय, कालव्यातली बोट ती, माणसाच्या चालीनेच जाणार. आणि रागावलेली ऑड्री भलतीच झपाझप चालत होती. त्याने जरा वेग वाढवला, तर काठाला बांधलेल्या एका बोटीतून टक्कल बाहेर आलं.

"ए बाबा, हळू! तुझ्या लाटांनी कपबशा फुटतायत माझ्या!"

"माफ करा हो, बायको सोडून चाललीय!"

"मग चालत जा की!"

ऑड्री वळणाआड गेली. डोरीन गेल्यावरचा हिवाळा सिरिलने या बोटीत एकट्याने काढला होता. पुन्हा नको रे बाबा! त्याने बोट काठाला लावली, दाराशी लटकणारा रेनकोट चढवला (ऑड्रीचा, गुलाबी, फुलाफुलांचा), हिरव्या रंगाचा डबा काढला आणि 'डोरीन'वर ब्रश फिरवला. "माफ कर गं," तो पुटपुटला. डोळे भरून आले. मग वर पांढऱ्या रंगाने 'ऑड्री' लिहिलं. अक्षरं वाकडी आली, ओघळलीही, पण आली.

पुलापलीकडे ऑड्री बाकावर बसली होती. म्हटलं तर दमून, म्हटलं तर वाट बघत. सिरिल पुलाखालून बाहेर पडला तो ओरडतच, "ऑड्री, बघ! वाच काय लिहिलंय!"

तिने छत्री मागे केली, डोळे बारीक करून वाचलं. "डोरीन."

त्या पुलापाशी पायवाट कालव्याच्या उजव्या काठाला जाते, हे सिरिल साफ विसरला होता.

"अगं, पलीकडच्या बाजूला! थांब, बोट वळवतो!"

वळवतो कसला? बोट कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब.

ऑड्रीने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे चार गाई रवंथ करत उभ्या होत्या.

"म्हणजे तिचं नाव लोकांसाठी आणि माझं गाईंसाठी," ती म्हणाली, आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेली.

सिरिल रेनकोटची गुलाबी टोपी डोळ्यांवर ओढून पावसात उभा राहिला. समोरून एक बोट आली, डाव्या बाजूने हळूच सरकली. सुकाणूवरच्या म्हाताऱ्याने बोटीवरचं नाव वाचलं आणि अदबीने हॅट उचलली.

"नमस्कार ऑड्रीबाई! एकट्याच? नवरा सोडून गेला वाटतं?"