व्हर्ना आत्याचा हंगामी मृत्यू

मंगळवार, सात मे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ओहायोतल्या पिकरेल काउंटीच्या परवाना खात्याचे निरीक्षक लेलँड प्रुइट यांनी डोरीन स्टॅकहाउसच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली, पाटी वाचली आणि वही काढली. पाटीवर लिहिलं होतं : 'वारशाची टोमॅटो रोपं'.

डोरीन निवृत्त स्कूलबस-चालक. गॅरेजात कागदी पेल्यांमध्ये चारशे रोपं तयार होती. शनिवारच्या विक्रीत ती गेली नाहीत, तर पेल्यातच लांबलचक वाढून माना टाकणार होती.

"वारशाची म्हणता," प्रुइट म्हणाले, "मग वारस दाखला?"

"अहो, वारशाची म्हणजे जुन्या बियाण्याची. संकरित नव्हे. हे बी माझ्या व्हर्ना आत्याचं. साठ वर्षं जपतेय ती."

प्रुइटांचं पेन थांबलं. "जपतेय? म्हणजे त्या हयात आहेत?"

"चांगली हयात आहे. तुमच्या गाडीखाली तिची फुलं आलीत का ते बघायला येतेच आहे."

प्रुइटांनी खेद व्यक्त केला. हयात व्यक्तीच्या वारशाची विक्री ही ग्राहकांची फसवणूक ठरते. पाटीवरचा शब्द बदलायचा तर नव्या नावाच्या नोंदणीला नव्वद दिवस. उरला एकच मार्ग, मृत्यूचा दाखला.

"शनिवारपर्यंत मला जमायचं नाही," एक्क्याण्णव वर्षांची आत्या म्हणाली. "शुक्रवारी केस सेट करायला जायचंय."

"पूर्ण नको, आजी. हंगामी चालेल. नमुना सतरा-ह, तीस जूनपर्यंत. फक्त व्यावसायिक कारणासाठी."

"दुखतं का त्यात?"

"दोन साक्षीदार लागतात."

आत्यानं रोपांकडे पाहिलं. "बरं, मरते. पण कारण म्हणून म्हातारपण लिहायचं नाही."

कारणाच्या रकान्यात 'टोमॅटो' असं लिहिण्यात आलं.

बुधवारी काउंटीच्या पत्रकात मृतांच्या यादीत आत्याचं नाव छापून आलं. गुरुवारी दुखवट्याच्या घरी जेवण पोचवायच्या रीतीप्रमाणे शेजारणी ट्यूना-नूडल्सचे ट्रे घेऊन दारात हजर झाल्या. आत्यानं प्रत्येक ट्रेची चव घेतली. "माझ्या वाढदिवसाला हीच बया नुसतं कार्ड पाठवते," ती तिसऱ्या ट्रेपाशी म्हणाली.

शनिवारी दहाच्या आत चारशे रोपं संपत आली. मूळ मालकीण नुकतीच गेल्याचं कळताच माणसं एकाऐवजी तीन-तीन रोपं नेत होती. आत्या घडीच्या खुर्चीत बसून ते बघत होती.

"त्या वारल्या ना? मग या कोण?" एका गिऱ्हाइकानं डोरीनला विचारलं.

"त्याच."

"अस्सं? जरा सरकायला सांगा त्यांना. मागची रोपं दिसत नाहीत."

एक जुलैला आत्या परत हयात व्हायला परवाना खात्याच्या खिडकीवर गेली. दाखल्याची मुदत संपली होती, पण मुदत संपल्यानं मृत्यू आपोआप संपत नाही, असं निघालं.

"मृतांचे अर्ज इथे घेत नाहीत," प्रुइट म्हणाले. "वारसानं करायचा."

"अरे गाढवा, मी समोर उभी आहे."

"तोंडी निवेदनाची नोंद होत नाही, आजी."

वारस एकच, डोरीन. तिची एक सही हवी होती. पण तोवर पुढच्या हंगामासाठी नऊशे रोपांची मागणी आली होती, आणि बहुतेकांनी फोनवर आधी तेवढंच विचारून घेतलं होतं : आत्या गेलेली आहे ना नक्की?

"डोरीन, सही कर की गं."

"करते ना, आत्या. ग्राहकांना एकदा विचारून घेते. उगाच नंतर तक्रार नको."

तिनं चिठ्ठ्या छापल्या : 'आत्या हयात झाल्यास रोप चालेल / चालणार नाही.' गॅरेजबाहेर पेटी ठेवली. गिऱ्हाईक असो नसो, चिठ्ठी कुणीही टाकावी.

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दोनशे बारा चिठ्ठ्या जमा झाल्या. 'चालेल'वर एकच खूण आहे आणि त्या चिठ्ठीखाली सही व्हर्नाची आहे. मृत व्यक्तीचं मत ग्राह्य धरावं का, यावर खात्याचा अभिप्राय मागवला आहे. फॉर्मवर डोरीनची सही अद्याप झालेली नाही. चिठ्ठ्या सोमवारपर्यंत स्वीकारल्या जातील. तुमची चिठ्ठी अजून आलेली नाही.