हाडांची फाईल

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडे असतात आणि त्यांतल्या एकालाही वर्तमानपत्र वाचता येत नाही. त्यामुळे ती जबाबदारी घरातल्या कर्त्या पुरुषावर येऊन पडते. बायकोच्या हाडांचा तपासणी अहवाल हाती आला, त्याच दिवशी निवृत्त हेडक्लार्कांनी ती स्वीकारली.

हाडे विरळ झाली आहेत, असे अहवालात होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितले आणि बजावले, "न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवून घ्या. यांना पडून चालणार नाही."

हेडक्लार्कांना हा उपाय इतका सोपा वाटला की त्यांचा त्याच्यावरचा विश्वासच उडाला. (चौतीस वर्षांच्या नोकरीत एका ओळीत निकाली निघालेले प्रकरण त्यांनी पाहिले नव्हते.) घाबरले मात्र होते मनापासून. बायकोवाचून त्यांना स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नसे.

त्यांनी फाईल उघडली. वनस्पतींतली काही द्रव्ये हाडांची झीज रोखू शकतात, अशा आशयाची सत्तावीस कात्रणे जमली. पैकी तेवीस कात्रणांत 'शक्यता आहे' असे म्हटले होते, एकोणीस कात्रणांत उंदीर होते, आणि ज्या चार कात्रणांनी खात्री दिली होती त्यांच्या खाली दुकानाचा पत्ता होता. उंदरांची प्रकृती समाधानकारक असल्याचे वाचून हेडक्लार्कांना हुरूप आला. सोयाबीन, कांदा, सुकवलेले आलुबुखार, हिरवा चहा आणि शेजाऱ्याच्या कुंपणावरचा एक पाला (शेजाऱ्याच्या तोंडी हरकतीसह) असा आहार मंजूर झाला. बायको तो मुकाट्याने गिळू लागली. दर दोन तासांनी मात्रा असल्यामुळे चालायला जाणे तेवढे बंद पडले.

"अहो, त्या दांड्याचं काय झालं?" ती दर रविवारी विचारी.

"विचाराधीन आहे," हेडक्लार्क सांगत.

दांडा आणला नव्हता असे नाही. चांगला स्टीलचा, दीड हात लांब आणला होता. पण पाला सावलीत टांगून वाळवावा लागतो (कात्रण क्रमांक चौदा), आणि त्या कामाला घरात दुसरे काही सोयीचे नव्हते. दांडा बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी पक्का बसवला गेला. त्यावर आठ जुड्या मावत.

मंगळवारी सकाळी न्हाणीघरात बायकोचा पाय घसरला. तिने भिंतीकडे हात टाकला, तिथे धरायला काही नव्हते. मनगट मोडले. हेडक्लार्क धावत आले, तिला उठवताना लहान मुलासारखे रडले, आणि प्लास्टर घालून घरी परतल्यावर त्यांनी फाईलवर शेरा मारला : 'मात्रा अपुरी पडली असावी.'

"आता तरी तो दांडा काढून आत लावा हो," बायको म्हणाली.

हेडक्लार्कांनी एक जुडी चाचपून पाहिली. "दोन दिवस थांब. अजून ओली आहे."

हेडक्लार्कांना खुशाल हसावे. मात्र त्या पाल्याचे नाव कुठेतरी येईल म्हणून आपण इथवर वाचत आलात, आणि आपल्या न्हाणीघरात दांडा आहे की नाही, हे पाहायला एकदाही उठला नाहीत.