कॅल्डरविकचं काही खरं नाही

शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो, टीव्हीसमोरच्या सोफ्यावर घरातलं कोणी नसतं आणि घरमालक बाहेर ड्राइव्हवेवर घराकडे पाठ करून उभा असतो. हिवाळ्यात हातात बर्फाचं फावडं, एरवी झाडं छाटायची कात्री. कानांवर लीफ ब्लोअरने पालापाचोळा उडवणारे लावतात तसले जाडजूड इअरमफ. समोर नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं की, यांना घरातून कोणी बाहेर काढलंय का. घरात दुसरं कोणी नाहीच, असं मी सांगितल्यावर त्या आणखीनच घाबरल्या.

हे आमचे गजभिये काका. विलास गजभिये, मूळचे नागपूरचे, गेली कित्येक वर्षं इथे मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीत. एका विमा कंपनीचे सर्व्हर बंद पडू नयेत हे बघणं ही त्यांची नोकरी. त्यामुळे जग कोणत्याही क्षणी बंद पडणार आहे यावर त्यांचा ठाम विश्वास. आज हवा छान आहे म्हटलं की "उद्याचं काही खरं नाही" म्हणणार. फ्रीजमधून जरा आवाज आला की "याचं काही खरं नाही." आमच्या ह्यांना प्रमोशन मिळालं तेव्हा पेढा तोंडात टाकत काका म्हणाले, "सांभाळून राहा संदीप, वर गेलेल्या माणसाचं काही खरं नसतं." त्यांच्या बाजूने ते अभिनंदन होतं. आम्हीही ते तसंच घेतलं.

आता टीव्हीवर काय चालू असतं ते सांगते. इंग्लंडात कॅल्डरविक टाउन नावाचा एक फुटबॉल क्लब आहे. तुम्ही हे नाव ऐकलं नसेल. इंग्लंडात तरी किती जणांनी ऐकलं असेल, देव जाणे. लीगच्या अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये हा क्लब खेळतो, आणि खेळतो म्हणणंसुद्धा या सीझनला जरा धाडसाचं होतं. स्टेडियमच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर, दुसऱ्या बाजूला नुसता पाऊस. काका क्रिकेटवाले, ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना आजही कळलेलं नाही. पण पॉइंट टेबलचा तळ मात्र त्यांना तोंडपाठ. कारण शेवटच्या दोन नंबरांत जो क्लब येतो तो लीगमधूनच बाहेर फेकला जातो.

आणि त्या क्लबात प्रज्ञा आहे. काकांची एकुलती एक मुलगी. इथे कॉम्प्युटरचं शिक्षण अर्धवट सोडून ती इंग्लंडला फिजिओथेरपी शिकायला गेली, तेव्हा काकांनी बराच आरडाओरडा केला होता. काकू तेव्हा होत्या, त्यांनी सांभाळून घेतलं. पुढे काकू गेल्या. प्रज्ञा कॅल्डरविकची फिजिओ झाली. खेळाडू पडला की निळं जॅकेट घालून बॅग घेऊन मैदानात धावत जाते ना, ती.

सीझन ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत क्लब तळाला जाऊन बसला. तेव्हा प्रज्ञाने फोनवर सांगितलं की क्लब लीगबाहेर गेला तर निम्मा स्टाफ कमी करणार, त्यात ती नक्की. व्हिसा क्लबच्या भरवशावर, म्हणजे नोकरी गेली की गाशा गुंडाळून घरी. हे काकांनी मला आमच्या मेलबॉक्सपाशी सांगितलं. चेहरा इतका उतरला होता की मला वाटलं कोणी गेलंबिलं की काय. ज्या घरात नोकरी आणि व्हिसा एकाच दोरीने बांधलेले असतात, त्या घरात ही भीती कशी असते हे मला कोणी समजावून सांगायला नको. आम्हीही ग्रीन कार्ड येईपर्यंत वर्षानुवर्षं भिंतीला खिळा ठोकला नव्हता.

त्याच्या पुढच्या शनिवारपासून काका बाहेर उभे राहायला लागले. "मी बघितलं की हे पोट्टे गोल खातात," असं त्यांचं म्हणणं. टीव्ही मात्र चालू हवा. बंद केला तर पोरीकडे पाठ फिरवल्यासारखं होतं. मग कोणीतरी आत बसून बघायला हवं. ते कोणीतरी म्हणजे मी.

माझी नेमणूक अपघाताने झाली. मी त्यांचा कुकर परत करायला गेले होते, हातात माझ्या पोह्यांची बशी तशीच राहिली होती. दोन मिनिटं टेकले सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, आणि तेवढ्यात कॅल्डरविकने गोल केला. कित्येक आठवड्यांनी जिंकले. झालं. पुढच्या शनिवारी पावणेदहाला काका दारात. "अश्विनी, तोच कोपरा. आणि पोहेच आण."

मी म्हटलं, काका, तुम्ही तर उपास-तापास, नवस-सायास काही मानत नाही. आमच्या सत्यनारायणाला येऊन शिऱ्याच्या रेसिपीवर चर्चा करता आणि तीर्थाला हात लावत नाही. मग हे काय?

"ही अंधश्रद्धा नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "चालू सिस्टमला हात लावायचा नसतो. कशामुळे चालली ते कळेपर्यंत काहीच बदलायचं नाही. आमच्या डिपार्टमेंटचा नियम आहे."

तेव्हापासून अख्खा हिवाळा मी शनिवारी पोहे केले. संदीपला पोह्यांचा वास नकोसा झाला. एकदा मी कांदा संपला म्हणून बटाट्याचे केले, तर काका बशीकडे बघतच राहिले. "कॉन्फिगरेशन चेंज केलंस," एवढंच म्हणाले. त्या दिवशी कॅल्डरविक चार गोलने हरलं आणि पुढचे आठ दिवस मी त्यांची नजर चुकवत होते.

स्कोअर सांगायचा नाही, हा दुसरा नियम. मध्ये मध्ये खिडकी उघडून मी फक्त "अप" किंवा "डाउन" एवढंच म्हणायचं, सर्व्हर चालू की बंद ते सांगतात तसं. इअरमफ काढून काका ऐकणार, मान हलवणार, परत फावडं चालू. भीतीने माणूस किती काम करतो ते मी त्या हिवाळ्यात पाहिलं. आधी त्यांचा ड्राइव्हवे, मग आमचा, मग समोरच्या बाईंचा, मग मेलबॉक्सपर्यंतचा रस्ता. जानेवारीत क्लब ओळीने हरत होता आणि आमची अख्खी गल्ली स्वच्छ होती. समोरच्या बाई तर विचारायला लागल्या की या शनिवारी मॅच आहे ना.

एक प्रश्न मात्र ते दर वेळी विचारायचे. प्रज्ञा टीव्हीवर दिसली का? मी दिसली म्हटलं की लगेच, "टोपी घातली होती का?" घातली नसली तरी मी घातली होती म्हणायचे.

फेब्रुवारीत क्लबने मॅनेजरला, म्हणजे कोचलाच, काढलं. मार्चमध्ये नवीन आला, तोही घाबरलेलाच दिसायचा. मैदानाच्या कडेला उभा राहून नखं खायचा, आणि ते बघून मीही खायला लागले. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बॉल आपल्या गोलकडे यायला लागला की मी टीव्हीवर ओरडायचे. काकांची झोप उडाली होती. आमच्याकडे जेवायला बसले तरी घास हातात तसाच. "कसे खेळून राहिले हे पोट्टे," म्हणायचे, "कॅल्डरविकचं काही खरं नाही अश्विनी."

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, समजा गेला क्लब लीगबाहेर. काय होईल? पोरगी घरी येईल. तुम्ही एकटे असता, चार दिवस घरात माणूस दिसेल. नोकरी काय, इथे बॉस्टनला मिळेल.

माझ्या बोलण्यात वाईट काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही. पण काकांच्या हातातला चमचा ताटात पडला. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांची चोरी पकडली. "असं बोलू नको," ते म्हणाले. "हे बोलायचंच नाही." आणि भात तसाच टाकून घरी गेले. संदीप मला म्हणाला, तुझी पुण्याची जीभ जरा आवरत जा. मी दोन दिवस धुसफुसत होते, कारण मी म्हटलं ते खरंच होतं.

शेवटची मॅच मे महिन्यात आली. नुसती बरोबरी झाली तरी कॅल्डरविक वाचणार होतं. हरलं तर संपलं. मी कांदेपोहे घेऊन डाव्या कोपऱ्यात बसले. काकांनी हातात कात्री घेतली. बाहेर त्यांच्या कुंपणाच्या झुडपात आता छाटण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, तरी आवाज येत राहिला.

पूर्वार्धात समोरच्यांनी गोल केला. मी खिडकी उघडून "डाउन" म्हटलं. उत्तरार्धात आपल्यांनी कसाबसा एक परत केला, गुडघ्याला लागून गेला की काय कोण जाणे. मग उरलेला सगळा वेळ बॉल आपल्याच गोलसमोर. शेवटी शेवटी आपला कीपर खाली पडला तो उठेना. आणि प्रज्ञा धावत आत आली. हजारो माणसं ओरडत होती आणि ती मुलगी त्या कीपरच्या डोक्याशी गुडघे टेकून शांतपणे त्याच्याशी बोलत होती. नोकरी राहणार की जाणार हे पुढच्या काही मिनिटांत ठरणार होतं, आणि तिचे हात अजिबात थरथरत नव्हते. मी मात्र धडपडत उभी राहिले आणि पोहे गालिच्यावर सांडले. कीपर उठला. त्याने शेवटचा बॉल अडवला आणि शिट्टी वाजली.

मी खिडकीऐवजी दारातूनच बाहेर धावले. "अप, काका. अप. वाचलो आपण."

काकांनी इअरमफ काढले, कात्री गवतावर ठेवली आणि ते पायरीवर बसले. हसले, मग डोळे पुसायला लागले. मीही शेजारी बसून रडले, मला कशाला लाज. जरा वेळाने मी म्हटलं, आता शांत झोपा, भीती संपली.

"मला क्लबची भीती नव्हती गं," काका म्हणाले. "ऑक्टोबरात, तिचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत बसून मॅच बघत होतो. समोरच्यांनी गोल केला, आणि मला बरं वाटलं."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"एक क्षणभर. वाटलं, येते आता घरी. पोरीची नोकरी चालली आणि बाप खूश. मला माझीच भीती वाटली अश्विनी. आत बसलो असतो तर मी कोणाच्या बाजूने बसलो असतो, माझा मलाच भरवसा नव्हता. म्हणून बाहेर." मग गवताकडे बघत म्हणाले, "तरी मार्चमध्ये वरची खोली रंगवलीच मी. जूनमध्ये दोन आठवडे सुट्टी पण टाकून ठेवली. हात आपोआप करून राहिले होते ते."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. प्रज्ञाच होती. ती इतकी ओरडून बोलत होती की मलासुद्धा ऐकू येत होतं. "बाबा, वी स्टेड अप! दे आर कीपिंग मी!" मागे सगळे गात होते. काका उभे राहिले, घसा साफ केला, आणि एरवी ऑफिसातल्या मॅनेजरशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "व्हेरी गुड. व्हेरी गुड बेटा." मग तिने काहीतरी हळू आवाजात विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.

"नाही नाही, मला कसलं वाईट वाटतंय," काका म्हणाले. "तू आली असतीस तर उलट पंचाईत झाली असती. जूनमध्ये ऑफिसचं इतकं काम आहे, मला अजिबात वेळ झाला नसता."